स्क्रूला हात लावू नका

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात दोघा-तिघांनी "ब्लॉग गुंडाळला की काय?" म्हणून विचारलं. नाही हो, नुसता आळस. पण गेल्या रविवारी आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते कुठेतरी ओतल्याशिवाय चैन पडणार नाही. आमची धाकटी बहीण हा ब्लॉग न चुकता वाचते. तर बाई, आधीच सांगतो, हे तुझ्यावर नाही, आणि तुझ्या लेकीवर तर नाहीच नाही.

झालं असं. भाची अकरावी सायन्सला आहे. दुपारची जेवणं झाल्यावर तिने सॅक उघडली, बायोलॉजीचं जर्नल काढलं आणि लाडात येऊन म्हणाली, "मामा, तुझी ड्रॉइंग चांगली आहे. मला चार फिगर काढून दे ना. उद्या सबमिशन आहे."

मामा लगेच विरघळला. पेन्सिलीला टोक केलं, खोडरबर शोधलं. पहिलीच फिगर कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशीविभाजनाची. मी सहज विचारलं, "तुला कुठली स्टेज दिसली होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये."

"मायक्रोस्कोपमध्ये आम्ही कुठे बघितलं? सरांनी स्क्रीनवर दाखवलं. मायक्रोस्कोप कपाटात असतात."

"मग इथे 'निरीक्षण' म्हणून काय लिहिलंस?"

"सगळ्यांनी लिहिलं तेच." आणि मग माझा चेहरा बघून, लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, "अरे मामा, फिगर पुस्तकात असतेच ना. परत बघायचं कशाला?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

आता हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, अगदी प्रामाणिक आहे. पोरगी हुशार आहे. सकाळी सातला क्लासला जाते, संध्याकाळी परत येते. नीटच्या पेपरात 180 प्रश्न, त्यातले 90 बायोलॉजीचे, 720 पैकी 360 मार्क. या नव्वदांतला एकही प्रश्न सोडवायला मायक्रोस्कोपला हात लावावा लागत नाही. बारावीला बोर्डाचे प्रॅक्टिकलचे 30 मार्क असतात, पण ते कसे पडतात हे तुम्हा-आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, उगाच आव आणायला नको. म्हणजे 'बघायचं कशाला' याला आपल्या व्यवस्थेने दिलेलं उत्तर 'कशालाच नाही' हेच आहे. ते पोरीला बरोब्बर समजलंय, एवढंच.

माझा राग आहे तो 'निरीक्षण' या शब्दावर. जे बघितलं नाही त्याखाली 'निरीक्षण' लिहायचं, ते सरांनी सही करून खरं ठरवायचं, आणि हे सोळाव्या वर्षी शिकवायचं. याला मी विज्ञानशिक्षण म्हणायला तयार नाही. खोटं प्रतिज्ञापत्र कसं करावं याचं ते प्रशिक्षण आहे.

पण थांबा. मी कुठला मोठा लागून गेलोय? मी 1986 ते 89 या काळात याच शहरात बी.एस्सी. केलं, विषय झूऑलॉजी. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. परीक्षेला 'स्पॉटिंग' असायचं. लांबलचक टेबलावर दहा-बारा मायक्रोस्कोप मांडलेले, प्रत्येकाखाली एक स्लाइड, घंटा वाजली की पुढे सरकायचं, ओळखा आणि लिहा. आणि प्रत्येक यंत्रापाशी एक पाटी : 'स्क्रूला हात लावू नये.' फोकस आधीच लावून ठेवलेला. वाकायचं, एक डोळा लावायचा, लिहायचं, सरकायचं. त्यातही आम्ही बघत नव्हतोच! स्लाइड्स वर्षानुवर्षं त्याच. कोपरा उडालेली हायड्रा, लेबल तिरकं चिकटवलेला लिव्हर फ्ल्यूक, फिकट गुलाबी पडलेली ती अमुक. आम्ही लेबलं ओळखत होतो, प्राणी नाही. मला फर्स्ट क्लास मिळाला. तीन वर्षांत तो बारीक स्क्रू मी स्वतःच्या मर्जीने किती वेळा फिरवला असेल? दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल.

तर रविवारी मी भाचीला म्हटलं, फिगर काढून देतो, पण आधी तू बघायचं. माझ्याकडे एक जुना, एका डोळ्याने बघायचा, खाली आरसा असलेला मायक्रोस्कोप आहे. अंबाल्याचा. (आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांची अशी पुष्कळशी सामग्री हरियाणातल्या अंबाल्यात बनते.) बंद पडलेल्या एका लॅबमधून पंधरा वर्षांपूर्वी उचलला होता. बायको त्याला 'तुझं ते पितळी खूळ' म्हणते. तो खिडकीपाशी ठेवला, आरसा उजेडाकडे वळवला. (थेट उन्हाकडे कधीही नाही, डोळा जाईल.) कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा, पाण्याचा थेंब, औषधाच्या डब्यातल्या आयोडीनचा थेंब, वर कव्हरस्लिप.

"दिसली! मामा, पेशी दिसली! गोल आहे, कडा एकदम काळी, जाड."

तो हवेचा बुडबुडा होता. कव्हरस्लिप तिने थपकन आडवी टाकली होती, मग हवा अडकणारच. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश इतका वाकतो की कडेचा उजेड भिंगापर्यंत पोचतच नाही, म्हणून कडा काळी दिसते. पहिल्यांदा बघणारा बहुतेक प्रत्येक जण बुडबुड्याला पेशी म्हणतो, मीही म्हटलं होतं. पुस्तकातल्या फिगरमध्ये बुडबुडा नसतो. फिगरमध्ये चूक करायला जागाच ठेवलेली नसते, आणि मला विचाराल तर तिथेच तिचा उपयोग संपतो.

दुसऱ्यांदा तिने कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळू सोडली. आता विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसल्या. मग तक्रार सुरू. "काहींना न्यूक्लियस आहे, काहींना नाहीच. आणि आहे तो मध्ये नाही, कडेला आहे. पुस्तकात मध्ये दाखवलाय."

मी म्हटलं, बारीक स्क्रू फिरव. हळू.

तिने फिरवला. एका पेशीतला न्यूक्लियस विरघळल्यासारखा नाहीसा झाला आणि शेजारच्या, 'रिकाम्या' पेशीत एक पिवळसर ठिपका वर आला. ती जवळजवळ मिनिटभर काही बोलली नाही. नुसता स्क्रू इकडून तिकडे. मग म्हणाली, "म्हणजे ही खोली आहे. चपटी नाहीये."

बस्स. एवढंच. हे तिला नऊ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, तिने पाठही केलं होतं. पण पेशीला जाडी असते हे डोक्यात शिरलं ते बोटांतून. त्याचं कारण यंत्राच्या रचनेतच आहे. चाळीसच्या भिंगाखाली एका वेळी जेमतेम एखाद्या मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा थर स्पष्ट दिसतो. कांद्याची पेशी त्याच्या कितीतरी पट जाड. वरचा थर बघताना खालचा धूसर, खालचा बघताना वरचा. तुम्ही स्क्रू फिरवता तेव्हा पेशीचा एकेक मजला उतरत असता, आणि सगळे मजले जोडून इमारत उभी करण्याचं काम तुमचा मेंदू करतो. फोकस लावून ठेवलेल्या यंत्रात वाकून बघणं म्हणजे लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर बंद पाडून 'ही बघा इमारत' म्हणण्यासारखं आहे. आणि आपण वर पाटी लावतो : स्क्रूला हात लावू नये!

आता थोडं यंत्राविषयीच, कारण यातही एक फसवणूक चालते. खालचं छोटं भिंग, ऑब्जेक्टिव्ह, वस्तूची मोठी आणि उलटी प्रतिमा नळीत तयार करतं. वरचं भिंग, आयपीस, ती प्रतिमा आणखी मोठी करून डोळ्याला दाखवतं. दहाचा आयपीस, चाळीसचा ऑब्जेक्टिव्ह, गुणाकार चारशे. प्रतिमा उलटी म्हणून स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं, आणि नवशिक्याची पहिली दहा मिनिटं पाठशिवणीच्या खेळात जातात. इथवर शाळेत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. मोठं करणं ही यातली सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते दोन जवळचे ठिपके वेगळे दाखवणं. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने 1873 मध्ये दाखवून दिलं की त्याला मर्यादा प्रकाशाचीच आहे. दोन ठिपक्यांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा कमी झालं, की नेहमीच्या मायक्रोस्कोपात ते एकच दिसणार, भिंग कितीही घासा. ढोबळ हिशेबाने 0.2 मायक्रोमीटर. तेवढं डोळ्याला दिसेलसं करायला हजार पट पुरे. त्यापुढे नुसतं फुगवणं, वर्तमानपत्रातला फोटो जवळ नेऊन बघावा तसं. ठिपके मोठे होतात, माहिती वाढत नाही.

म्हणून 'दोन हजार पट!' असं खोक्यावर छापलेला शोभेचा मायक्रोस्कोप कुणी मुलाच्या वाढदिवसाला घेणार असेल तर कृपया घेऊ नका. आणि कॉलेजची खरेदी करणाऱ्यांनीही पटींवर भाळू नये. ऑब्जेक्टिव्हच्या कडेवर आणखी एक बारीक आकडा कोरलेला असतो, 0.65 किंवा 1.25 असा. भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करू शकतं, ते तो सांगतो, आणि बारकावे किती दिसणार हे त्यावर ठरतं. शंभरच्या भिंगाखाली तेलाचा थेंब घालतात तोही याचसाठी. काचेतून हवेत शिरताना तिरके किरण बाहेर फेकले जातात. तेल काचेइतकंच प्रकाश वाकवतं, त्यामुळे किरणांना आपण काच सोडली हे कळतच नाही आणि ते सरळ भिंगात येतात. आणि स्टेजखालचा डायाफ्राम! आपल्याकडे तो बहुधा पूर्ण उघडा असतो, कारण 'उजेड जास्त म्हणजे चांगलं'. पारदर्शक पेशी त्या उजेडात धुऊन निघते. थोडा मिटा, कडा उठून दिसतात. जास्त मिटा, बारकावे जातात. नेमका किती मिटायचा? पुस्तकात नाही. हाताला कळतं.

मी हे सगळं इतक्या तावातावाने का सांगतोय, त्याला एक घरगुती कारण आहे. घरातल्या मोठ्यांना आठवत असेल.

1996 चा पावसाळा संपत आलेला. बाबांना दिवसाआड थंडी वाजून ताप यायला लागला. दोन गोधड्या घालूनही पलंग हलायचा. जवळच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट पंधरा मिनिटांत हातात, मलेरिया 'निगेटिव्ह'. मग टायफॉइड धरून आठ दिवस औषधं. ताप आपला दिवसाआड येतोच आहे. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या तंत्रज्ञांकडे पाठवलं. घाटीत नोकरी करून निवृत्त झालेले, एका खोलीत छोटी लॅब. त्यांनी एका काचेवर जाड थेंब पसरला, दुसऱ्यावर पातळ. (जाड थेंबात थोड्या जागेत पुष्कळ रक्त येतं म्हणून जंतू सापडायला सोपं, पातळ थरात लाल पेशी सुट्या दिसतात म्हणून जात ओळखायला सोपं.) वाळवलं, रंगवलं, तेलाचा थेंब घातला आणि बसले. एक हात स्लाइड सरकवतोय, दुसरा बारीक स्क्रूवर, सतत किंचित पुढे, किंचित मागे. अर्धा तास तरी गेला असेल. मग म्हणाले, "या, बघा. व्हायव्हॅक्स आहे."

मी डोळा लावला. मी, झूऑलॉजीचा फर्स्ट क्लास, प्लाझ्मोडियमचं जीवनचक्र परीक्षेत दहा मार्कांना अख्खं काढलेला माणूस. मला गुलाबी ठिपक्यांखेरीज काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून स्क्रूवर ठेवलं आणि म्हणाले, "असं नुसतं बघून नाही दिसायचं. फिरवत राहा." फिरवला, आणि एका फुगलेल्या लाल पेशीत निळसर कडं आणि त्यावर लाल टिकली, अंगठीसारखी, एकदम स्वच्छ समोर आली. ते 'सिग्नेट रिंग' मी निदान वीसदा काढलं होतं. पहिल्यांदा बघितलं ते बाबांच्या रक्तात.

बाबा बरे झाले, पण त्या दोन आठवड्यांत त्यांचं सात किलो वजन गेलं. पहिल्या लॅबवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही हे मला समजतं. त्या दिवशीच्या थेंबात जंतू खरंच कमी असतील. पण गणित करून बघा. तेलाच्या भिंगाखाली एका वेळी दिसणारं वर्तुळ मिलिमीटरच्या एक पंचमांशाहूनही लहान असतं, मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी छोटं. जाड थेंबाची अशी निदान शंभर वर्तुळं बघितल्याशिवाय 'निगेटिव्ह' म्हणायचं नसतं. थेंब वाळायचा, रंगवायचा, धुवायचा, परत वाळायचा आणि मग ही शंभर वर्तुळं. पंधरा मिनिटांत? त्या टेबलावर बसलेला पोरगा माझ्यासारखाच कुठल्यातरी कॉलेजातून आला असणार. जर्नल पूर्ण, सही झालेली. 'निरीक्षण' या मथळ्याखाली सगळ्यांनी लिहिलं तेच लिहायची सवय त्याला आम्हीच लावली होती ना?

मलेरियाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो, कारण ती आपल्याच जुन्या संस्थानातली आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची. त्याच राज्यात, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर 1897 च्या ऑगस्टमध्ये डास कापत बसला होता. पंखा लावायची सोय नाही, कारण कापलेले डास उडून जातात. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजलेले, उरलासुरला एकच आयपीस, तोही तडकलेला. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला एका चाव्यामागे एक आणा देऊन त्याने डासांना त्याचं रक्त पाजलं होतं. 20 ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला काही गोल पेशी दिसल्या, आणि त्यांत मलेरियाच्या जंतूत असतात तसे काळे कण. डास मलेरिया पसरवतो याचा तो पहिला धागा. 1902 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

लोक ही गोष्ट चिकाटीचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. स्क्रू घामाने गंजले, म्हणजे त्यावरून हात निघतच नव्हता! आमच्या कपाटातल्या यंत्रांचे स्क्रू घामाने गंजायची काडीचीही भीती नाही.

हे सगळं मी एका मित्राला फोनवर ऐकवलं. तो जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, मनाने चांगला माणूस आहे. त्याने मला शांतपणे विचारलं, "वर्गात ऐंशी पोरं. चालू मायक्रोस्कोप पाच. लॅब असिस्टंटची जागा रिकामी. एखादं भिंग फुटलं तर चौकशी माझी. तू माझ्या जागी काय केलं असतंस?"

खरं सांगायचं तर मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. कुलपाला इतिहासही आहे. मराठवाड्यात उच्च शिक्षण उशिरा आलं. बाबासाहेबांनी इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं ते 1950 मध्ये, घाटीचं मेडिकल कॉलेज 1956 चं, विद्यापीठ 1958 चं. ज्यांच्या घराण्यात कुणी काचेची परीक्षानळी पाहिली नव्हती अशी पोरं पहिल्यांदा प्रयोगशाळेत शिरत होती, आणि फुटलेली वस्तू परत मिळायची खात्री नव्हती. तेव्हा कुणी कपाटाला कुलूप लावलं असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आज शिकाऊ मायक्रोस्कोप साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त मिळतो, आणि ज्या संस्थेला प्रवेशद्वारावर कमान बांधायला पैसे मिळतात तिला दहा मायक्रोस्कोप परवडत नाहीत हे मला कुणी सांगू नये.

आणि फुटण्याचं म्हणाल, तर हाताळण्याने यंत्रं मरतात त्याहून जास्त कपाटात मरतात, असा माझा अनुभव आहे. बंद, अंधारं, पावसाळ्यात दमट कपाट म्हणजे बुरशीला माहेर. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, भिंगावरचा थर खातात, आणि मग ते भिंग कितीही पुसलं तरी धुरकटच. मी आणलेल्या यंत्राचं शंभरचं भिंग असंच गेलेलं होतं. त्यावर हाताळल्याचा एक ओरखडा नव्हता! उलट, वापरात असलेलं यंत्र रोज उजेड-वारा खातं, आणि बिघाड झाला की लगेच समजतो. भिंग स्लाइडवर आपटतं ते न शिकवल्यामुळे. आधी लहान भिंग, मोठा स्क्रू बाजूने डोळ्यांनी बघत खाली, मग आयपीसमधून बघत फक्त वर. चाळीसवर गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात नाही. हे दहा मिनिटांत शिकवता येतं. भाची एका दुपारी शिकली, आणि तिने काही फोडलं नाही. (दोन कव्हरस्लिप सोडून. त्या माझ्याकडूनही फुटतात.)

ऐंशी पोरांचा हिशेब मात्र खरा आहे. त्यावर मित्राला मी एवढंच म्हटलं, की बारा फिगरांऐवजी वर्षात दोनच कर, पण त्या दोन प्रत्येकाने स्वतः फोकस लावून, बुडबुड्यासकट काढायच्या. दोन मुलांची चित्रं सारखी निघाली तर दोघांना शून्य. "अभ्यासक्रम?" तो म्हणाला. अभ्यासक्रम नाहीतरी तुम्ही पूर्ण करतच नाही, नुसती सही करता, असं मी बोलून गेलो. त्याने फोन ठेवला. नंतर मी मेसेज करून माफी मागितली, वाक्य मात्र मागे घेतलेलं नाही.

स्क्रीनवर दाखवण्याविषयीही एकदा बोलून घेतो. कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप वाईट नाही. शिक्षकाला 'हे बघा, हे इथे' म्हणून दाखवायला उत्तमच. पण सगळ्या वर्गासाठी एकाने फोकस लावायचा आणि बाकी एकोणऐंशी जणांनी बघायचं, याला सिनेमा म्हणतात. पोहणं स्क्रीनवर शिकवता येत नाही हे आपल्याला पटतं, बघणं मात्र शिकवता येईल असं वाटतं. बघणं आपल्याला काम वाटतच नाही, ही मूळ गोम आहे.

आणि पैशांचंच रडगाणं असेल तर फोल्डस्कोप आहे की. मेरठमध्ये जन्मलेले आणि स्टॅनफर्डमध्ये शिकवणारे मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. कागद दुमडून केलेला, एका बारक्या काचेच्या मण्यावर चालणारा मायक्रोस्कोप. साधारण 140 पट मोठं दाखवतो. युक्ती नवी नाही. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक 1670 च्या दशकात असंच एकेक भिंग स्वतः घासून, डोळ्याशी धरून, पाण्यातले जीव बघत होता. त्याची जी यंत्रं आज शिल्लक आहेत त्यांतलं एक अडीचशे पटींच्या पुढे जातं. एका भिंगात, सतराव्या शतकात! त्याच्याकडे ना पदवी होती, ना जर्नल. फोल्डस्कोपात कांदा दिसतो, परागकण दिसतात, डासाची अळी दिसते. मलेरिया ओळखायला तो मी वापरणार नाही, पण अकरावीला तेवढं पुरे.

अळीवरून आठवलं. रविवारी कांदा झाल्यावर भाची थांबेना. मिठाचा कण, स्वतःचा केस, गालाच्या आतली पेशी. मग म्हणाली, पिंपातलं पाणी बघू. आमच्या शहरात नळाला पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येत आलंय, जायकवाडी पन्नासएक किलोमीटरवर असून, त्यामुळे घरोघरी पिंपं. आमचं गच्चीतलं पिंप मी दर आठवड्याला घासतो असं घरात सगळ्यांना सांगत असतो. थेंबभर पाणी घेतलं. चारच्या भिंगाखाली एक अळी वळवळत होती, पारदर्शक, पोटातलं अन्न मागे ढकललं जाताना दिसत होतं, शेपटाकडे श्वास घ्यायची नळी. भाची ओरडली, "मामा, हिचं आत सगळं चालू आहे!"

बायको स्वयंपाकघरातून आली, तिनेही डोळा लावला, स्वतः स्क्रू फिरवला आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "दर आठवड्याला घासतोस ना पिंप?"

तर हे असं निरीक्षण असतं. त्याचे परिणाम भोगावे लागतात.

संध्याकाळी मी पिंप घासलं. जर्नलच्या चार फिगर शेवटी भाचीनेच काढल्या. तीन पुस्तकातून, कारण सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं आणि मी काही हरिश्चंद्र नाही. चौथी कांद्याच्या पापुद्र्याची. त्यात तिने न्यूक्लियस कडेला दाखवलाय, दोन पेशींत दाखवलेलाच नाही, आणि कोपऱ्यात एक जाड काळ्या कडेचं वर्तुळ काढून बाण मारून लिहिलंय 'हवेचा बुडबुडा'. सरांनी त्यावर लाल शाईने काट मारून 'पुस्तकाप्रमाणे काढणे' असा शेरा दिला. वही तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवली, खाली हसरा चेहरा. मला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन येणार आहे. शहरातले कुणी ब्लॉगवाले किंवा नातेवाईक मुलांना घेऊन येणार असतील तर दुपारी चारनंतर या, उजेड तेव्हा आमच्या खिडकीत चांगला असतो. आपापल्या पिंपातलं पाणी बाटलीत घेऊन या. स्क्रूला हात लावायला परवानगी आहे.